नर कुत्र्याची नसबंदी: घाई कुठे, सबुरी कुठे

पिलू सहा महिन्यांचं होत आलं की प्रश्न सुरू होतो. सुरुवातीच्या लसी झालेल्या असतात, दुधाचे दात पडून पक्के दात आलेले असतात, आणि एखाद्या सकाळी ते पहिल्यांदाच मागचा पाय वर करून गेटच्या खांबावर लघवी करतं. फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकजण सांगतो, "लगेच ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढे कॅन्सर होतो." दुसरा म्हणतो, "अजिबात नको, आमच्या ओळखीतला कुत्रा त्यानंतर लठ्ठ झाला आणि लंगडायला लागला." दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. पण ते ज्या कुत्र्यांबद्दल बोलत असतात, त्यांची जात, वजन, वय आणि राहणी वेगवेगळी असते, आणि नराच्या बाबतीत सगळा निर्णय या चार गोष्टींवरच फिरतो.

जगभरातल्या पशुवैद्यकांचंही यावर एकमत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवारस कुत्र्यांचे निवारे भरून वाहत होते आणि दरवर्षी लाखो कुत्री मारली जात होती. पिलांची पैदास थांबवण्यासाठी कुत्रा वयात येण्याआधीच, साधारण सहाव्या महिन्यात, नसबंदी करण्याचा रिवाज तिथे पडला आणि तिथून तो पाठ्यपुस्तकांत आणि जगभरच्या दवाखान्यांत गेला. त्याच काळात स्वीडनमध्ये वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी करायला कायद्याने मनाई होती. ती १९८८ साली उठली. नॉर्वेत आजही निरोगी कुत्र्यावर केवळ रिवाज म्हणून अशी शस्त्रक्रिया करणं कायद्याला मान्य नाही. सहा महिने हा आकडा कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या गरजेतून आला. त्या वयात ऑपरेशन केल्याने त्या कुत्र्याच्या सांध्यांचं आणि हाडांचं काय होतं, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला.

शस्त्रक्रिया साधी आहे. पूर्ण भूल देऊन अंडकोषाच्या किंचित पुढे छोटा छेद घेतात, दोन्ही वृषणं बाहेर काढतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि टाके घालतात. साधारण अर्ध्या तासाचं काम. पण वृषणांबरोबर शरीरातलं जवळपास सगळं टेस्टोस्टेरॉनही जातं, आणि या संप्रेरकाचा संबंध फक्त प्रजननाशी नसतो. हाडांची वाढ कधी थांबायची, स्नायू किती भरायचे, प्रोस्टेट ग्रंथी केवढी व्हायची, भूक किती लागायची, अनोळखी गोष्टीला किती बिचकायचं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. त्यामुळे फायदा आणि तोटा दोन्ही एकाच मुळातून येतात.

आधी फायदे. वृषणंच नसली तर वृषणांचा कर्करोग होत नाही, हे उघड आहे. नसबंदी न केलेल्या म्हाताऱ्या नरांमध्ये या गाठी बऱ्याच आढळतात. मात्र त्या शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण कमी असतं, आणि गाठ हाताला लागल्यावर वृषण काढून टाकलं की बहुतेक कुत्रे बरे होतात. "आत्ताच काढा, नाहीतर कॅन्सर होईल" या इशाऱ्यात हा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हवा. काही पिलांची एक किंवा दोन्ही वृषणं अंडकोषात उतरतच नाहीत. पोटात किंवा जांघेत अडकून राहतात. पोटातल्या उष्णतेत राहिलेल्या अशा वृषणात गाठ होण्याचा धोका नेहमीच्या वृषणापेक्षा सुमारे तेरा पट असल्याचं आढळलं आहे. शिवाय ती गाठ हाताला लागत नाही. त्यातल्या एका प्रकारच्या गाठीतून स्त्रीसंप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, पाझरतं. कुत्र्याचे केस दोन्ही बाजूंनी सारखे झडू लागतात, स्तनाग्रं सुजतात, इतर नर त्याच्या मागे लागतात. घरच्यांना हा त्वचेचा आजार वाटतो आणि महिनोन् महिने मलमं लावली जातात. इस्ट्रोजेनचं प्रमाण फार वाढलं तर अस्थिमज्जेत रक्त तयार होणं मंदावतं आणि कुत्रा दगावूही शकतो. अशा पिलाची नसबंदी करावी की नाही, हा प्रश्नच उरत नाही. करायचीच, आणि दोन्ही वृषणं काढायची. हा दोष पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून अशा नराकडून पिलंही घेऊ नयेत.

दुसरा फायदा प्रोस्टेटचा. माणसासारखीच कुत्र्याचीही ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली वयानुसार वाढत जाते. पाच-सहा वर्षं ओलांडलेल्या, नसबंदी न झालेल्या बहुतेक नरांमध्ये ती कमी-अधिक वाढलेली असते. सगळ्यांनाच त्रास होतो असं मात्र नाही. माणसात वाढलेली ग्रंथी मूत्रमार्ग दाबते. कुत्र्यात ती वरच्या बाजूला सरकून मोठ्या आतड्यावर दाब आणते. म्हणून लक्षणं वेगळी दिसतात: शी करताना कुंथणं, चपटी फितीसारखी शी, कधी लिंगातून टपकणारे रक्ताचे थेंब. गादीवर रक्ताचे डाग पाहून घरचे घाबरून जातात. उपाय मात्र हुकमी आहे. त्या वेळी नसबंदी केली तर ग्रंथी काही आठवड्यांत आक्रसते आणि दोन-तीन महिन्यांत लक्षणं ओसरतात. ज्यांना ऑपरेशन टाळायचं असेल त्यांच्यासाठी औषधंही आहेत.

गुदद्वाराभोवती होणाऱ्या साध्या गाठींचंही असंच आहे. त्या टेस्टोस्टेरॉनवर पोसतात आणि नसबंदीनंतर बऱ्याचदा आपोआप लहान होतात. त्याच भागातले स्नायू सैल पडून आतडं किंवा मूत्राशय बाजूला उतरतं तो हर्निया जवळजवळ नसबंदी न झालेल्या उतारवयातल्या नरांचाच आजार म्हणावा लागेल. त्याची शस्त्रक्रिया किचकट असते, म्हणून हा फायदा मी इतरांपेक्षा जड मानतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या यादीतले बहुतेक आजार हळूहळू येतात, चिन्हं दाखवतात, आणि तेव्हा नसबंदी केली तरी बरे होतात. मादीचं तसं नसतं. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. स्वीडनमधल्या विमा नोंदींत दहा वर्षांच्या आत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या माद्यांना हा आजार झालेला दिसला. त्यामुळे मादीच्या बाबतीत लवकर नसबंदीचं पारडं स्पष्टपणे जड आहे. पुष्कळदा मादीसाठीचे युक्तिवाद उचलून नराला लावले जातात, आणि मालकांची दिशाभूल तिथेच होते. नराच्या बाबतीत आरोग्यापुरतं बोलायचं तर थांबण्याची किंमत थोडी आहे.

आणि एक फायदा असा आहे जो लोक हमखास सांगतात, पण तो खरा नाही. "नसबंदीने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो" हे चूक आहे. कुत्र्यांमध्ये हा कर्करोग मुळात विरळा, शेकड्यात एकालाही होत नाही. पण जेव्हा होतो तेव्हा फार वाईट असतो, आणि नसबंदी झालेल्या नरांमध्ये त्याचं प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त आढळलं आहे. म्हणजे ग्रंथीची साधी वाढ नसबंदीने टळते, कर्करोग टळत नाही.

आपल्याकडे मात्र एक आजार असा आहे की त्याच्यापुढे वरची अर्धी यादी फिकी पडते, आणि थंड देशांतल्या पुस्तकांत त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात. समागमातून पसरणारी गाठ, जिला डॉक्टर 'टीव्हीटी' म्हणतात. लिंगावर किंवा योनीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालसर गाठ येते आणि तिच्यातून सतत रक्त पाझरतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ती आपल्या गावाशहरांत सर्रास दिसते. हा कर्करोग विषाणूने होत नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन तिथे रुजतात. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या शरीरात ही गाठ पहिल्यांदा झाली, आणि त्याच्याच पेशी आजपर्यंत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात जगभर पोचल्या आहेत. आज लातुरात किंवा म्हापशात एखाद्या कुत्र्याच्या अंगावर असलेली गाठ ही त्या प्राचीन कुत्र्याच्या शरीराचाच जिवंत अंश आहे. हुंगण्या-चाटण्यातून ती नाकातोंडातही जाते. सुदैवाने व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. नसबंदी झालेला नर माद्यांच्या मागे फारसा जात नाही, म्हणून त्याला हा धोका बराच कमी. ज्या घरातला कुत्रा दार उघडं दिसलं की गल्लीत पळतो, त्या घरासाठी हा एकच मुद्दा पुरेसा वजनदार आहे.

आता दुसरं पारडं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात बेंजामिन हार्ट नावाचे संशोधक आहेत. नसबंदीने नर कुत्र्यांचं भटकणं कमी होतं हे दाखवणारा १९७६ सालचा गाजलेला अभ्यास त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्याच हार्ट यांनी २०१३ साली महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या आणि नसबंदीच्या वयावरून मोठी चर्चा सुरू झाली. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी दहा टक्क्यांच्या खुब्याच्या सांध्यात दोष निघाला. नसबंदी न झालेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्मं होतं. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा प्रकार नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत एकही आढळला नाही, आणि लवकर नसबंदी झालेल्या नरांत पाच टक्के आढळला. पुढे २०१६ साली जर्मन शेफर्डच्या नोंदी पाहिल्या तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी २१ टक्क्यांना सांध्याचा एखादा तरी विकार होता, नसबंदी न झालेल्यांत सात टक्क्यांना.

असं का होतं, याचं उत्तर हाडांच्या टोकांशी आहे. वाढत्या पिलाच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाड तिथेच लांबत जातं. वयात आल्यावर लैंगिक संप्रेरकं या पट्ट्यांना बंद होण्याचा संदेश देतात. संदेश देणारी वृषणंच आधी काढली तर पट्ट्या उशिरापर्यंत उघड्या राहतात. प्रत्येक हाडाची पट्टी वेगवेगळ्या वेळी बंद होते, त्यामुळे एक हाड नेमक्या लांबीवर थांबतं आणि त्याच्या शेजारचं थोडं जास्त वाढतं. कुत्रा किंचित उंच, लांबट पायांचा होतो आणि सांध्यातले कोन बदलतात. आपल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. गोऱ्हा फार कोवळा असताना खच्ची केला तर मान आणि खांदा भरत नाही, म्हणून औताच्या बैलाला आधी अंगात येऊ देतात. कुत्र्याच्या बाबतीत हीच सबुरी आपण का विसरलो, असं हे अभ्यास वाचताना राहून राहून वाटतं.

हा धोका सगळ्या कुत्र्यांना सारखा नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. हार्ट यांच्या गटाने २०२० साली पस्तीस जातींची तपासणी प्रसिद्ध केली. लहान जातींमध्ये लवकर नसबंदीमुळे सांध्यांचे विकार वाढलेले दिसले नाहीत. मोठ्या जातींत बहुधा वाढलेले दिसले. पण ग्रेट डेनसारख्या प्रचंड कुत्र्यात ते वाढलेच नाहीत, आणि याचं नेमकं कारण अजून उलगडलेलं नाही. मिश्र जातीच्या कुत्र्यांचं वजनानुसार केलेलं विश्लेषणही त्याच वर्षी आलं. प्रौढपणी वीस किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांना फरक पडत नव्हता. वीस किलोच्या वर जाणाऱ्यांची नसबंदी वर्षाच्या आत झाली असेल तर सांध्यांचे विकार स्पष्टपणे वाढत होते. आपले गावठी कुत्रे बहुतेक वीस किलोच्या आतबाहेर असतात. लॅब्राडॉरचा संकर असलेलं, मोठ्या पंज्यांचं पिलू असेल तर ते वीसच्या वर जाणार असं समजून चालावं.

कर्करोगांचं चित्र अधिक धूसर आहे. रॉटवायलरांच्या २००२ सालच्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे चौघांत एकाला आयुष्यात हाडांचा कर्करोग झालेला दिसला, आणि हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. गोल्डन रिट्रीव्हर नरांमध्ये लवकर नसबंदीनंतर लसिका ग्रंथींचा कर्करोग तिपटीने अधिक आढळला. पण रॉटवायलरमध्ये हाडाच्या आणि गोल्डनमध्ये रक्ताशी निगडित कर्करोगांची जातिगत प्रवृत्ती आधीपासूनच आहे. त्यांचे आकडे पगला किंवा गावठी कुत्र्याला लावता येत नाहीत. शिवाय या बहुतेक नोंदी मोठ्या शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांतल्या आहेत, जिथे मुळात आजारी कुत्रेच अधिक येतात.

'तिप्पट' किंवा 'दुप्पट' हे शब्द ऐकून घाबरण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: कशाच्या तिप्पट? जर्मन शेफर्डमध्ये सात टक्क्यांचे एकवीस टक्के होणं म्हणजे दर शंभरात चौदा कुत्रे जास्त लंगडणार. ही संख्या खूप मोठी आहे, आणि केवळ काही महिने थांबून ती टाळता येण्यासारखी आहे. उलट, प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण चौपट झालं तरी ते शंभरात दोन-तीनांच्या पुढे जात नाही. दोन्ही गोष्टी 'धोका वाढतो' याच शब्दांत सांगितल्या जातात, पण त्यांचं वजन एकसारखं नाही.

मग नसबंदी झालेले कुत्रे लवकर मरतात का? उलट दिसतं. जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली उत्तर अमेरिकेतल्या चाळीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. नसबंदी झालेल्या नरांचं आयुर्मान सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघालं. ते कर्करोगाने अधिक मरत होते, पण अपघाताने आणि संसर्गजन्य रोगांनी कमी. हा आकडाही जपून वाचावा लागतो. जो मालक नसबंदी करून घेतो तो लसीही वेळेवर देतो, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेतो, आणि जास्त जगणाऱ्या कुत्र्याला कर्करोग व्हायला वेळही जास्त मिळतो. तरी अपघाताचा भाग मला पटतो. माजावर आलेल्या मादीच्या वासाने बेभान झालेला नर रहदारी पाहत नाही.

वजनाबद्दल मालक सर्वांत कमी विचारतात, आणि रोजच्या आयुष्यात सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. नसबंदीनंतर कुत्र्याची उष्मांकाची गरज वीस-तीस टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. ताटातलं खाणं तेवढंच राहिलं तर वर्षभरात कुत्रा लठ्ठ होतो. आपल्या घरांत तर चहाबरोबर बिस्किट, जेवताना पोळीचा तुकडा, रात्री दूधभात हे सगळं हिशेबाबाहेर चालू असतं. लठ्ठपणा सांध्यांवर, हृदयावर आणि श्वासावर ताण देतो. म्हणजे ज्या लंगडण्याचं खापर ऑपरेशनवर फोडलं जातं, त्यातलं बरंचसं वजनामुळे आलेलं असतं. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हरांचा जन्मभर मागोवा घेणारा एक अभ्यास २०१२ पासून सुरू आहे. त्यात नसबंदी झालेले कुत्रे कोणत्याही वयात ऑपरेशन झालं तरी लठ्ठ होण्याकडे झुकत होते. पण लहानपणीच ऑपरेशन झालेल्यांना सांध्याच्या दुखापती अधिक होत होत्या. म्हणून टाके सुकले की खाणं पाऊणपटीवर आणायचं, दर महिन्याला वजन करायचं, आणि फासळ्या हाताला सहज लागतायत ना हे पाहायचं. एवढं पाळलं तर तोट्यांच्या पारड्यातला एक मोठा धोंडा उतरतो.

स्वभावाचं काय? पुष्कळ लोक ऑपरेशनला तयार होतात ते आरोग्यासाठी नव्हे, कुत्रा 'शांत व्हावा' म्हणून. मादीच्या शोधात भटकणं खरोखर कमी होतं. १९७६ च्या त्या अभ्यासात दहापैकी नऊ नरांचं कमी झालं होतं. घरात जागोजागी मुतणं आणि पाहुण्यांच्या पायावर चढणं हेही बऱ्याच कुत्र्यांत घटतं. पण आक्रमकतेच्या बाबतीत अपेक्षा आवरत्या घ्यायला हव्यात. १९९७ साली हार्ट यांच्याच सहकाऱ्यांनी पाहिलं तेव्हा आक्रमकतेत चांगली सुधारणा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत होती, आणि अनोळखी माणसांवर धावून जाणं किंवा फटाक्यांसारख्या आवाजांना घाबरणं यांत फरकच पडला नव्हता. भीतीपोटी चावणाऱ्या कुत्र्याची नसबंदी घाईने करू नये. टेस्टोस्टेरॉन थोडं धाडसही देतं. ते गेल्यावर मुळात भित्रा असलेला कुत्रा आणखी बिचकू लागल्याची निरीक्षणं आहेत. अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेपेक्षा शिकवणीची आणि धीर देण्याची गरज जास्त असते.

ऑपरेशनचा थेट धोका किती? ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक इतकं आढळलं. आपल्याकडे त्यात दोन गोष्टी मिळवाव्या लागतात. एक म्हणजे गोचीड. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट घटतात, आणि आजार दबलेला असेल तर कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. अशा कुत्र्यावर छेद घेतला की रक्त थांबत नाही. म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची साधी तपासणी, प्लेटलेटसह, झालीच पाहिजे. खर्च वाढतो म्हणून ती टाळू नये आणि डॉक्टरांनी सुचवली नाही तर आपण मागावी. दुसरी गोष्ट म्हणजे चपट्या नाकाचे कुत्रे. पगची श्वासनलिका अरुंद असते, आणि खरा धोका भूल उतरताना असतो. त्या वेळी कुणीतरी शेजारी बसून लक्ष ठेवणारा दवाखाना निवडावा. घरी आणल्यावर दहा-बारा दिवस गळ्याभोवतीचा कोन काढायचा नाही. कुत्र्याचं तोंड केविलवाणं दिसतं म्हणून तो काढला की रात्रीतून टाके चाटून उसवलेले असतात. आणखी एक: वृषणं काढल्यावरही काही आठवडे नळ्यांत शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून महिनाभर तरी त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा. २०२३ च्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांनुसार त्यांना पकडून नसबंदी आणि रेबीजची लस देऊन पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. तिथे 'हाडं भरेपर्यंत थांबू' म्हणता येत नाही. तो कुत्रा पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते. मात्र नसबंदी म्हणजे रेबीजवरचा उपाय, असं समजू नये. रेबीज लसीने थांबतो. गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव कुत्र्यांना लस टोचून हे दाखवून दिलं, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. संख्येच्या बाबतीतही माद्यांची नसबंदी अधिक मोलाची असते, कारण एखादा जरी नर सुटला तरी तो वस्तीतल्या अनेक माद्यांना पुरतो. पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी ही याच नियमांनी मालकाची जबाबदारी ठरवली आहे.

ऑपरेशनला पर्यायही आहेत. नळ्या बांधून फक्त पिलं होणं थांबवता येतं. मग संप्रेरकं शाबूत राहतात, पण भटकणं आणि प्रोस्टेटही तसंच राहतं. कातडीखाली बसवायची डेस्लोरेलिनची गोळी सहा महिने किंवा वर्षभर वृषणांचं काम थांबवते. सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, पुढे ओसरतं. नसबंदीनंतर आपल्या कुत्र्याचा स्वभाव कसा होईल, याचा अंदाज घ्यायला युरोपात ती वापरली जाते. आपल्या भागात ती मिळते का, हे डॉक्टरच सांगू शकतील.

माझा कौल असा आहे. कुत्रा मोकळा फिरत असेल, आवारात रस्त्यावरच्या माद्या येत-जात असतील किंवा एखादं वृषण उतरलं नसेल, तर नसबंदी करावी. मोकळं फिरणाऱ्या लहान किंवा मध्यम चणीच्या कुत्र्याच्या बाबतीत फार थांबूही नये. पग, पॉमेरेनियन, शिह त्झू यांच्यासारख्या लहान कुत्र्यांना सहा महिन्यांनंतर कधीही केलं तरी सांध्यांचं नुकसान दिसलेलं नाही. लॅब्राडॉर, गोल्डन, रॉटवायलर यांना निदान वर्ष भरू द्यावं, जर्मन शेफर्डला शक्य तर दोन वर्षं, आणि तोवर पट्टा हातातून सोडू नये. आणि जो नर कायम घरच्यांच्या नजरेखाली असतो, ज्याला कुठलाच त्रास नाही, त्याची नसबंदी मुळीच केली नाही तरी मालकाने अपराधी वाटून घेऊ नये. त्याने एवढंच करावं: पाच वर्षांनंतर दरवर्षी डॉक्टरांकडून प्रोस्टेट आणि वृषणं तपासून घ्यावीत.

तुमच्या घरी आज नर पिलू असेल तर पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: दोन्ही वृषणं उतरली आहेत का, प्रौढपणी याचं वजन किती होईल, आणि याच्या जातीसाठी कोणत्या वयापर्यंत थांबावं. "सगळ्यांची सहाव्या महिन्यातच करतो" असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.